सैतानाच्या दरीतले पाच दिवे

टस्कनीच्या सहलीला जाणारा पर्यटक साधारणपणे पिसाचा कललेला मनोरा, फ्लोरेन्सची कलादालने आणि सिएनाचा भव्य चौक एवढे पाहून परततो. एखादाच हौशी प्रवासी वोल्तेर्रा या डोंगरमाथ्यावरील प्राचीन गावातून आणखी तीसेक किलोमीटर दक्षिणेला उतरतो. तेथे देखावा बदलतो. सायप्रस वृक्षांच्या रांगा आणि गव्हाची शेते मागे पडतात, टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून चकाकणारे पोलादी नळ वळणे घेत जाऊ लागतात, झाडीच्या वर शीतकरण मनोऱ्यांतून निघणारे शुभ्र ढग तरंगताना दिसतात आणि हवेत सडक्या अंड्यांसारखा वास भरून राहिलेला असतो. हे लार्देरेल्लो. भूगर्भातील वाफेवर चालणारे जगातील पहिले वीज केंद्र याच गावात उभे राहिले. गावातील जुन्या वाड्यात आता या विजेचे संग्रहालय आहे. संग्रहालयातील मार्गदर्शक पाहुण्यांना जवळच्याच एका वाफेच्या विहिरीपाशी नेतात आणि तिची झडप उघडून दाखवतात. कानठळ्या बसवणारा आवाज करीत वाफेचा स्तंभ आभाळात झेपावतो आणि जमिनीखाली काय कोंडलेले आहे, याची कल्पना पाहणाऱ्याला एका क्षणात येते.

या वाफेला विजेच्या कामाला जुंपणारे गृहस्थ अभियंते नव्हते. त्यांचे शिक्षण समाजशास्त्रांचे, घराणे सरदारांचे, आवड जुन्या हस्तलिखितांची आणि व्यवसाय सासरकडून आलेला. प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती हे त्यांचे नाव. भूऔष्णिक ऊर्जेवरचे कोणतेही पुस्तक त्यांच्या उल्लेखाशिवाय पुढे सरकत नाही. तथापि हा उल्लेख बहुधा एका तारखेपुरता आणि एका छायाचित्रापुरता असतो. त्या तारखेच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले, ही हकीकत अधिक रंजक आहे.

जिनोरी हे फ्लोरेन्समधील एक नामांकित घराणे. याच घराण्यातील कार्लो जिनोरी यांनी १७३५ मध्ये दोच्चा येथे काढलेला चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना युरोपभर गाजला होता. पिएरो यांचा जन्म ३ जून १८६५ रोजी फ्लोरेन्समध्येच झाला. इटलीचे एकीकरण नुकतेच झाले होते आणि त्याच वर्षी फ्लोरेन्सला राष्ट्राच्या राजधानीचा मान मिळाला होता. त्रेविन्यानोचे प्रिन्स ही पदवी त्यांच्या नावामागे लागली. शहरातील चेझारे आल्फिएरी या समाजशास्त्रांच्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. अशा कुळातील तरुणाने शेतीवाडी सांभाळावी, राजकारण करावे, ग्रंथसंग्रह जमवावा, अशी त्या काळाची अपेक्षा असे. पिएरो यांनी या तिन्ही गोष्टी थोड्याफार केल्या. १९०० मध्ये ते इटलीच्या संसदेवर निवडूनही आले. परंतु त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले ते १८९४ मध्ये, आद्रियाना द लार्देरेल यांच्याशी झालेल्या विवाहाने. आद्रियाना या काउंट फ्लोरेस्तानो द लार्देरेल यांच्या कन्या, आणि लार्देरेल घराणे म्हणजे सैतानाच्या दरीचे मालक.

सैतानाची दरी हे नाव जुने आहे. या भागात जमिनीच्या भेगांतून वाफेचे फवारे आपसूक उसळत, त्यांच्याभोवती राखाडी चिखलाची तळी रटरटत असत आणि आसपासचे खडक वायूंच्या माऱ्याने पांढरेफटक पडलेले असत. मध्ययुगीन माणसाला ते नरकाचे दार वाटले तर नवल नाही. दान्ते या महाकवीला आपल्या नरकाचे वर्णन येथूनच सुचले, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. १७७७ मध्ये टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या औषधशाळांचे प्रमुख हुबर्ट होफर यांनी या तळ्यांतील पाणी तपासले आणि त्यात बोरिक आम्ल असल्याचे दाखवून दिले. आपल्याकडे कॅरमच्या पटावर टाकली जाते ती पावडर याच आम्लाची. औषधे, काच आणि मातीच्या भांड्यांवरील झिलई यांसाठी त्या काळी या आम्लाला मोठी मागणी होती आणि युरोपला ते फार दुरून मागवावे लागे.

होफर यांच्या शोधाचा धंदा केला तो फ्रान्समधून आलेल्या फ्रांस्वा द लार्देरेल या उद्योजकाने. १८१८ पासून त्याने तळ्यांचे पाणी आटवून आम्ल काढण्यास सुरुवात केली. मात्र पाणी आटवायचे तर भट्ट्या हव्यात आणि भट्ट्यांना लाकूड हवे. आसपासची जंगले भराभर तुटू लागली आणि लाकडाच्या खर्चाने धंदा डबघाईला आला. तेव्हा, १८२७ मध्ये, लार्देरेलने एक साधी पण दूरगामी युक्ती काढली. वाफेच्या तळ्यावर विटांचा घुमट बांधून त्याने वाफ कोंडली आणि तिच्याच उष्णतेवर पाणी आटवायला घेतले. लाकूड थांबले, जंगल वाचले, नफा वाढला. ग्रँड ड्यूक दुसरे लिओपोल्ड यांनी त्याला काउंट केले आणि १८४६ मध्ये त्याने वसवलेल्या कामगारवस्तीला लार्देरेल्लो हे नाव दिले. पुढे जिनोरी कोंती यांनी जे केले, त्याचे बीज या घुमटात आहे, हे मान्य केले पाहिजे. पृथ्वीच्या उष्णतेचे इंधन म्हणून मोल ओळखणारा पहिला कारखानदार लार्देरेलच होय.

परंतु जावईबापूंच्या हाती हा धंदा आला तोवर त्याचे वैभव ओसरू लागले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बोरिक आम्लाच्या बाजारावर टस्कनीची जवळजवळ मक्तेदारी होती. नंतर अमेरिकेत, आधी नेवाडात आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत, बोरॅक्सचे प्रचंड साठे सापडले. वाळवंटातून बोरॅक्स नुसता खरवडून घ्यायचा होता. भाव कोसळले. सैतानाच्या दरीच्या मुळावर मृत्यूची दरी उठली, असेच म्हणायचे. लार्देरेल्लोत कामगारांची घरे होती, शाळा होती, चर्च होते, नाट्यगृह होते. एका आम्लावर जगणारे ते अख्खे गाव होते आणि त्या आम्लाला आता पहिला भाव उरला नव्हता.

जिनोरी कोंती यांनी प्रथम जो मार्ग धरला तो रसायनशास्त्राचा. पिसा विद्यापीठातील ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ राफाएल्लो नासिनी यांना त्यांनी लार्देरेल्लोच्या वायूंचा आणि पाण्याचा अभ्यास करण्यास पाचारण केले. वाफेसोबत येणाऱ्या कर्बवायूपासून आणि अमोनियापासून आणखी कोणती उत्पादने काढता येतील, याचा शोध सुरू झाला. एका वस्तूवर विसंबून राहू नये, हा त्यामागचा शहाणपणाचा हिशेब. मात्र त्याच सुमारास त्यांच्या मनाने आणखी एक गोष्ट घेतली. आतापर्यंत वाफ ही आम्ल वाहून आणणारी आणि फार तर पाणी आटवणारी होती. ती इंजिनही फिरवू शकेल आणि इंजिन फिरले तर डायनामोही फिरेल. कोळसा नसलेल्या देशात हा विचार क्षुल्लक नव्हता. इटलीच्या आगगाड्या आणि कारखाने बव्हंशी ब्रिटनहून येणाऱ्या कोळशावर चालत होते.

४ जुलै १९०४ रोजी लार्देरेल्लोत हा प्रयोग झाला. दट्ट्याचे एक छोटे वाफेचे इंजिन, त्याला जोडलेला १० किलोवॉटचा डायनामो आणि विजेचे पाच दिवे, एवढीच सामग्री. भूगर्भातून आलेल्या वाफेच्या जोरावर ते पाच दिवे पेटले. त्या यंत्राशेजारी उभे असलेल्या प्रिन्सचे छायाचित्र आज जगभरातील भूऔष्णिक परिषदांमध्ये दाखवले जाते. पुढच्याच वर्षी २० किलोवॉटची जोडणी उभी राहिली आणि कारखान्याच्या इमारती व वस्तीतील घरे तिच्या विजेवर उजळली.

येथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. पाठ्यपुस्तकांत नसतात ती पुढची नऊ वर्षे. पाच दिवे पेटले १९०४ मध्ये आणि खरे वीज केंद्र उभे राहिले ते १९१३ मध्ये. मधल्या काळात आड आली ती वाफच. बंबात तापवलेल्या स्वच्छ पाण्याची वाफ आणि लार्देरेल्लोच्या पोटातून येणारी वाफ यांत फार फरक आहे. या वाफेत हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, बोरिक आम्ल आणि मोठ्या प्रमाणावर कर्बवायू मिसळलेला असतो. असे मिश्रण धातूला खाते. त्या काळच्या पोलादाची यंत्रे या माऱ्यापुढे टिकाव धरणारी नव्हती. शिवाय इंजिनातून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पाणी केले, की मागे पोकळी निर्माण होते आणि त्या पोकळीमुळे यंत्राला अधिक जोर मिळतो. कर्बवायूचे मात्र पाणी होत नाही. तो तसाच साचून राहतो आणि ती पोकळी भरून टाकतो. ज्या बाबीमुळे वाफ फुकट मिळत होती, तीच बाब तिच्या वापरात आडवी येत होती.

यावर काढलेला तोडगा आडवळणाचा होता. भूगर्भातील मलिन वाफ यंत्रात सोडायचीच नाही. तिच्या उष्णतेवर दुसऱ्या भांड्यातील स्वच्छ पाणी उकळायचे आणि त्या पाण्याच्या निर्मळ वाफेवर टर्बाइन फिरवायचे. या पद्धतीत उष्णतेचा काही भाग वाया जातो, हे उघड आहे. परंतु यंत्र सुरक्षित राहते आणि मलिन वाफेतील बोरिक आम्ल व इतर द्रव्ये पूर्वीप्रमाणेच काढून विकता येतात. जुना धंदा न मोडता नवा उभा करण्याची ही रीत होती. यात प्रिन्सच्या स्वभावाचे दर्शन घडते, असे म्हणावेसे वाटते. आम्लाच्या भट्ट्या विझवून सारे भांडवल विजेवर लावण्याचा जुगार त्यांनी खेळला नाही. १९१२ मध्ये दरीतील कारखानदारी एका भागभांडवली कंपनीत एकवटली आणि कंपनीच्या नावात बोरिक आम्लाचा उल्लेख कायम राहिला. १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे टर्बाइन सुरू झाले. कारखान्यांबरोबरच पोमारान्चे आणि वोल्तेर्रा या गावांनाही हळूहळू वीज मिळू लागली. याच्या दोनच वर्षांनंतर, १९१५ मध्ये, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज पोहोचली. दूरवरून येणाऱ्या कोळशावरचे अवलंबन कमी करण्याची धडपड दोन्हीकडे होती. आपल्याकडे सह्याद्रीचा पाऊस होता, त्यांच्याकडे सैतानाची दरी.

येथे वाचकाच्या मनात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ, राजापूर येथील उन्हाळ्यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. मात्र कोकणातील या झऱ्यांचे पाणी जास्तीत जास्त सत्तरेक अंशांपर्यंत तापलेले असते. लार्देरेल्लोची जमीन निराळी आहे. तेथे शिलारसाने तापलेला खडक पृष्ठभागापासून तुलनेने जवळ आहे आणि तीन-चार किलोमीटर खोलीवर तापमान ३०० अंशांच्याही वर जाते. मुरलेले पावसाचे पाणी इतके तापते, की वर येते ते पाणी नसून कोरडी वाफच असते. अशी कोरडी वाफ मोठ्या प्रमाणावर देणारी ठिकाणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. कॅलिफोर्नियातील गिझर्स हे त्यांपैकी प्रमुख. त्या दृष्टीने जिनोरी कोंती भाग्यवान होते, यात शंका नाही. मात्र हीच दरी त्यांच्या आधी शतकभर तशीच फुसफुसत होती, हेही विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धाने त्यांचा हिशेब खरा ठरवला. समुद्रमार्ग धोक्यात आले, कोळशाचे भाव गगनाला भिडले आणि लार्देरेल्लोच्या विजेला अकस्मात राष्ट्रीय महत्त्व आले. युद्धाच्या काळातच तेथे हजारो किलोवॉट क्षमतेची नवी यंत्रे बसली. १९२३ मध्ये सेरात्सानो येथे अवघ्या २३ किलोवॉटच्या एका छोट्या टर्बाइनमध्ये भूगर्भातील वाफ थेट सोडून पाहण्यात आली आणि यंत्राने ती सोसली. जो मार्ग वीस वर्षांपूर्वी बंद वाटला होता, तो आता किलकिला झाला होता. विहिरी खोल जात होत्या. १९३१ मध्ये लार्देरेल्लोच्या एका विहिरीतून ताशी सुमारे २२० टन एवढ्या प्रचंड वेगाने वाफ उसळली. वाफेच्या साध्या फवाऱ्याला इटालियनमध्ये सोफ्फिओने म्हणतात. या विहिरीला मात्र तेथील लोकांनी सोफ्फिओनिस्सिमो, म्हणजे सर्व फवाऱ्यांचा महाफवारा, असे नाव बहाल केले.

प्रिन्सच्या जीवनाची दुसरी बाजू या गर्जनेपासून फार दूरची होती. फ्लोरेन्समध्ये ते ओळखले जात ते ग्रंथप्रेमी आणि इतिहासाचे अभ्यासक म्हणून. सोळाव्या शतकात लिहिले गेलेले साव्होनारोला या बंडखोर धर्मोपदेशकाचे एक चरित्र त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या घराण्याचा आणि फ्लोरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चचा संबंध हाही त्यांच्या लेखनाचा विषय होता. विज्ञानाची जुनी उपकरणे अडगळीत कुजत पडू नयेत, यासाठी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जी मंडळी पुढे आली, त्यांत त्यांचा वाटा मोठा होता. १९२९ मध्ये फ्लोरेन्सला विज्ञानाच्या इतिहासाचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि त्या खटपटीतून आजच्या गॅलिलिओ संग्रहालयाची वाट तयार झाली. नव्या ऊर्जेचा प्रवर्तक म्हणून ज्याचे नाव जगाने लक्षात ठेवले, त्या माणसाचा जीव जुन्या दुर्बिणींत आणि हस्तलिखितांत एवढा गुंतलेला असावा, हे थोडे विलक्षण वाटते खरे.

१९१९ मध्ये त्यांची सिनेटवर नेमणूक झाली. ही नेमणूक तहहयात असे. त्यानंतर तीन वर्षांतच मुसोलिनी सत्तेवर आला आणि पुढील सतरा वर्षे जिनोरी कोंती त्याच्या राजवटीतील सिनेटर राहिले. परदेशी कोळशाविना, स्वदेशी साधनांवर देश चालवण्याची भाषा त्या राजवटीला प्रिय होती आणि लार्देरेल्लोची भरभराट त्या भाषेशी जुळणारी होती. त्यांच्या गौरवपर चरित्रांत या गोष्टीवरून सहसा पटकन पुढे जाण्याचा प्रघात आहे. परंतु केंद्राचा विस्तार कोणत्या छत्राखाली झाला, हे नोंदवल्याशिवाय त्यांची कहाणी पुरी होत नाही.

त्याच राजवटीने अखेरीस हा उद्योग खाजगी मालकीतून काढून घेतला. रेल्वेमार्गांच्या विद्युतीकरणासाठी वीज हवी होती. लार्देरेल्लोची सूत्रे सरकारी रेल्वेकडे गेली आणि डिसेंबर १९३९ मध्ये नवी कंपनी स्थापन झाली. त्याच महिन्याच्या ३ तारखेला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पिएरो जिनोरी कोंती यांचे फ्लोरेन्स येथे निधन झाले. दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते; इटली अद्याप त्यात उतरली नव्हती.

१९४३ च्या अखेरीस दरीतील वीज केंद्रांची एकूण क्षमता सुमारे १३० मेगावॉटपर्यंत पोहोचली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडे माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ही केंद्रे, रासायनिक कारखाने आणि विहिरी सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. या विध्वंसातून शाबूत राहिली ती केवळ २३ किलोवॉटची एक लहानशी जोडणी. दोस्त सैन्यासोबत इटलीत असलेल्या न्यूझीलंडच्या लष्करी अभियंत्यांना त्यांच्या सरकारने हे केंद्र पाहून येण्यास सांगितले होते, कारण त्यांच्याही देशात जमिनीतून वाफ निघत होती. ते पोहोचले तेव्हा पाहण्यासारखे काहीच उरले नव्हते.

पण वाफ होतीच. कामगारांनी विहिरी पुन्हा मोकळ्या केल्या, तुटलेले नळ जोडले, नवी यंत्रे बसवली. १९४८ मध्ये न्यूझीलंडची मंडळी दुसऱ्यांदा आली, तेव्हा लार्देरेल्लो १४० मेगावॉटहून अधिक वीज निर्माण करीत होते आणि तेवढ्याच क्षमतेचे नवे काम सुरू होते. ही मंडळी जे पाहून गेली त्यातून त्यांच्या देशात वाइराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले. पाच दिवे पेटले त्याला तोवर चोपन्न वर्षे झाली होती.

आता टस्कनीत अशी तीसहून अधिक केंद्रे असून त्यांची एकत्रित क्षमता नऊशे मेगावॉटच्या आसपास आहे. त्या प्रांताच्या विजेच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा त्यांतून भागतो. दीर्घ उपशामुळे वाफेचा दाब घटू लागला, म्हणून विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून थंड झालेले पाणी पुन्हा विहिरींवाटे खडकांत सोडले जाते. ते तेथे तापते आणि वाफ होऊन परत वर येते.